‘सादर करा’ : एका आज्ञार्थाची चिकित्सा

कागदी अर्जाच्या काळी रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी लिहिणे आणि दाखल करणे या दोन क्रिया स्थळाने व काळाने भिन्न होत्या. कचेरीच्या ओसरीत अर्ज लिहावा, कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा, मग आवक खिडकीशी जाऊन पोच घ्यावी. या चार पावलांच्या अंतरात पुष्कळशा चुका ध्यानी येत. पडद्यावरील अर्जाने ते अंतर पुसून टाकले. लेखन व दाखला यांमध्ये आता केवळ बोटाचा स्पर्श उरला आहे.

या प्रश्नाचे एक मूळ तांत्रिक आहे. 1997 च्या एचटीएमएल 4.0 मध्ये ‘बटन’ हा स्वतंत्र घटक आला. सबमिट, रीसेट व बटन असे त्याचे तीन प्रकार होत. अर्जाच्या चौकटीतील बटनाचा प्रकार रचनाकाराने लिहिला नाही, तर तो ‘सबमिट’ असाच गृहीत धरला जातो. परिणामी ‘आणखी एक पीक जोडा’ असे लिहिलेले बटन दाबताच, अनिवार्य रकान्यांची तपासणी योजलेली नसल्यास, अर्धाच अर्ज रवाना होतो. सोयाबीनची नोंद झाली, तुरीची राहिली! प्रकार स्पष्ट लिहिणे हा यावरील साधा उपाय होय. मात्र रकान्यात एंटर कळ दाबल्यानेही अर्ज जाऊ शकतो. त्याचा बंदोबस्त निराळा करावा लागतो.

परंतु दोष केवळ यंत्राचा मानणे अपुरे ठरेल. ऑस्टिन यांच्या 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी उच्चार हीच कृती कशी ठरते, हे दाखविले. बटनावरील शब्द त्याच जातीचा आहे. तेथे ‘करा’ कोण कोणास म्हणतो? यंत्र माणसास विनविते, की माणूस यंत्रास आज्ञा देतो? माणूस यंत्रास आदरार्थी ‘करा’ म्हणणार नाही. तेव्हा बोलणारे यंत्रच ठरते, आणि कृतीचे दायित्व मात्र माणसावर येते. शिवाय मराठीत क्रियापद अंती येत असल्याने ‘जतन करा’, ‘सादर करा’, ‘रद्द करा’ या तिन्हींची अखेर सारखीच. त्यातही ‘अर्ज रद्द करावयाचा आहे काय?’ या प्रश्नाखाली ‘होय’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटने असली, तर दुसऱ्याने अर्ज रद्द होतो की प्रश्न, हे व्याकरण सांगू शकत नाही.

‘सादर’ हा शब्दही चिंत्य आहे. गाणे सादर होते, अहवालही सादर होतो. त्यात परतीची वाट बंद झाल्याची जाणीव नाही. 1948 पर्यंत उर्दूत कारभार चाललेल्या मराठवाड्यात ‘दाखल’ हा अरबी मुळाचा शब्द कचेरीच्या दारापर्यंत पोहोचलेला आहे. ‘अर्ज दाखल करा’ यात कृतीचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते.

शब्द बदलला तरी चूक संपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सुगम्यतेच्या 2008 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी कायदेशीर व आर्थिक व्यवहारांसाठी तीन वाटा सांगितल्या : कृती फिरविता यावी, मजकूर तपासला जावा, अथवा अंतिम संमती घेतली जावी; यांपैकी एक तरी असावी. महाराष्ट्रातील ई-पीक पाहणीच्या 2022 च्या आवृत्तीत नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची सोय दिली गेली, ती पहिल्या वाटेची. ओसरी आणि खिडकी यांमधील ती चार पावलेच येथे तासांच्या रूपाने परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.