‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर: मोजलं काय आणि विकलं काय?

पेटची तयारी करताना ‘चल’, ‘परिकल्पना’, ‘वैधता’ हे शब्द तुम्ही घोकलेच असतील. जे मोजायचं आहे तेच मोजलं गेलं, तर मोजमाप वैध. एका मार्कासाठी एवढी व्याख्या पुरते, पण ती खरी कळते एखादी वस्तू तपासायला घेतल्यावर. आज वस्तू जरा वेगळी घेतोय: पर्समध्ये मावणारं, स्वसंरक्षणासाठी म्हणून विकलं जाणारं नवं हत्यार, कानपूरचं ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर.

विषय आपल्यापासून लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. खामगावात चांदीचा व्यवहार करणारे, पंपाचा गल्ला बँकेत भरायला नेणारे, राजूर घाटातून रात्री एकटे येणारे, अशांच्या बोलण्यात ‘लायसन काढून घ्यावं का?’ हा प्रश्न येतोच. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे, नेमबाज नाही. त्यामुळे इथे मी हत्यार नाही, त्याच्याबद्दलचे दावे तपासतोय. त्यासाठी गोळी झाडावी लागत नाही, वही-पेन पुरतं.

आधी वस्तू समजून घेऊ

पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात, रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या सिलिंडरमध्ये. ‘प्रबल’ हे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे २०२१ मध्ये सात कंपन्यांत तुकडे झाले, त्यातल्या कानपूरच्या सरकारी कंपनीने ते ऑगस्ट २०२३ मध्ये आणलं. जाहीर झालेले आकडे असे: गोळ्यांशिवाय वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, पल्ला ५० मीटर. वर दोन वाक्यं: ‘देशातलं पहिलं लाँग रेंज रिव्हॉल्व्हर’ आणि ‘महिला पर्समध्ये सहज नेऊ शकतील’.

याआधी जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणलं होतं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर महिलांसाठीचं रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची चर्चा झाली. वजन साधारण ५०० ग्रॅम, पल्ला १५ मीटर, किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात.

चांगलं ते आधी सांगतो. ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला उघडतं. जुन्या भारतीय .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या भरायला नळी पुढे मोडावी लागते, म्हणजे सांगाड्यातच एक बिजागर आलं. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरमुळे सांगाडा एकसंध राहतो आणि भरणंही सोपं जातं. ही खरी सुधारणा आहे.

वजन: कमी म्हणजे चांगलं?

आता वही काढा. .३२ लाँग काडतुसातली ठरावीक गोळी ६.३५ ग्रॅमची असते आणि साधारण २१५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. संवेग झाला सुमारे १.३७ किग्रॅ-मीटर प्रति सेकंद. तेवढाच संवेग उलट दिशेने हत्याराला मिळतो. दारूच्या वायूचा वाटा सोडून देऊ. ७०० ग्रॅमचं हत्यार सुमारे १.९५ मीटर प्रति सेकंदाने मागे येतं, ५०० ग्रॅमचं २.७३ ने. धक्क्याची ऊर्जा अनुक्रमे १.३३ आणि १.८६ ज्यूल. म्हणजे हलक्या हत्यारात ती ४० टक्के जास्त.

गंमत बघा. पर्समध्ये वजन हा दोष असतो, हातात आल्यावर तोच गुण होतो. नवशिक्याला दुसरी गोळी नेमाने मारायची असेल तर जड हत्यार बरं. ‘निर्भीक’ महिलांसाठी म्हणून हलकं केलं, आणि धक्का मात्र त्यांच्याच मनगटाला वाढवून दिला. त्या मानाने ‘प्रबल’चे ७०० ग्रॅम हा समजूतदार मध्यबिंदू वाटतो. एका चलाची दिशा ‘चांगली’ की ‘वाईट’ हे वापर ठरवतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही ‘कमी म्हणजे उत्तम’ असं लिहिण्याआधी ‘कशासाठी?’ हे विचारा.

पल्ला: गोळी जाते किती आणि लागते किती?

५० मीटर हा आकडा ऐकायला भारी आहे. पण गोळी तिथपर्यंत पोचते, की माणूस तिथपर्यंत नेम लावू शकतो? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेम लागतो पुढची माशी आणि मागची खाच एका रेषेत आणून. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्यांच्यातलं अंतर १०० मिमी धरू. माशी फक्त १ मिमी सरकली तर चूक १०० ला १. पाच मीटरवर गोळी ५ सेंमी बाजूला जाईल, ५० मीटरवर ५० सेंमी. घाबरलेला हात १ मिमीवर थांबेल, असं कुणी म्हणेल का?

आणि तुमच्यापासून ५० मीटरवर उभ्या असलेल्या माणसापासून लगेच जीवाला धोका आहे, हे कोर्टात सिद्ध कसं करणार? स्वसंरक्षणाचा हक्क जवळच्या, तातडीच्या धोक्यापुरता असतो. म्हणजे हा आकडा खरा असला तरी खरेदीच्या कारणाशी त्याचा संबंध नाही. याला मी ‘अचूक पण अप्रस्तुत’ आकडा म्हणतो. प्रबंधांत असे आकडे पोत्याने सापडतात.

ताकदीचंही तसंच. या गोळीची ऊर्जा सुमारे १४७ ज्यूल, ९ मिमी गोळीची साधारण ४५० ते ५००. सामान्य परवानाधारकाला ९ मिमी मिळत नाही, म्हणून .३२. ही निवड प्रयोगाने झालेली नाही, कायद्याने झालेली आहे.

खरा प्रश्न: मी जास्त सुरक्षित होईन का?

घेणाऱ्याच्या मनात प्रश्न हा असतो. ग्रॅम, मिलिमीटर, मीटर यातलं काहीच त्याचं उत्तर देत नाही. अमेरिकेत या प्रश्नावर भरपूर संशोधन झालंय. त्यातली दोन कामं पद्धती शिकायला उत्तम आहेत.

क्लेक आणि गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये जवळपास ५,००० फोन-मुलाखतींवरून मांडलं, की वर्षाला सुमारे २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात. पण ‘हो’ म्हणणारे होते फक्त सव्वा टक्क्याच्या आसपास. हेमेनवे यांनी १९९७ मध्ये बोट ठेवलं ते इथेच. घटना दुर्मीळ असेल आणि १०० पैकी एकाने जरी वर्ष चुकवून किंवा फुशारकीने ‘हो’ म्हटलं, तर आकड्याचा मोठा भाग खोटाच निघतो. तिथल्या सरकारी गुन्हेबळी सर्वेक्षणातून येणारे अंदाज याच्या कितीतरी खाली आहेत.

दुसऱ्या बाजूला केलरमन आणि सहकारी, १९९३. बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका सुमारे २.७ पट आढळला. यावरही रास्त आक्षेप आहे: ज्यांच्या जीवाला आधीच धोका असतो तेच बंदूक घेतात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आपल्याला आवडणारा निष्कर्ष असो वा नावडता, चाळणी एकच लावायची. दोन्हींतून एवढं नक्की निघतं, की ‘बंदूक घेतली म्हणजे सुरक्षित झालो’ हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही.

आता जाहिरातीतलं चित्र बघा: रस्ता, रात्र, अनोळखी हल्लेखोर, पर्समधलं रिव्हॉल्व्हर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र. हत्याराची रचना एका प्रसंगासाठी आणि धोका बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रसंगात. म्हणजे नमुनाच चुकीचा निवडलाय.

हत्यार राहतं कुठे?

हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. ‘सोबत बाळगण्याचं’ हत्यार दिवसातला तास-दोन तास सोबत असतं. उरलेला वेळ ते घरात असतं, माणसांच्या मधोमध. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपला बुलडाणा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतला एक. हे दुःख इथे कुणाला समजावून सांगायला नको. श्रीलंकेत १९९५ आणि १९९८ मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर बंधनं आली आणि पुढच्या काही वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याने उतरलं. विषादाच्या त्या घडीला जीवघेणी वस्तू हाताशी नसली, तर माणूस वाचू शकतो. मग संकटात असलेल्या घरात अशी आणखी एक वस्तू आणताना तिचा हिशेब ‘संरक्षण’ या एकाच रकान्यात कसा मांडायचा?

कायद्याला हे थोडंफार कळतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि घरात सुरक्षित ठेवण्याची अट आहे, कलेक्टर ऑफिसातला अर्ज पोलीस अहवालाशिवाय पुढे सरकत नाही. रानडुकरं आणि रोह्यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यासाठी १९५९ च्या कायद्यात वेगळ्या बंदुकीची सोय आहे. पिकाच्या राखणीला रिव्हॉल्व्हर हे उत्तरच नाही.

माझा निवाडा

यंत्र म्हणून ‘प्रबल’ आधीच्यापेक्षा बरं आहे. ५० मीटरचा दावा वाहून नेणाऱ्याच्या कामाचा नाही. ‘महिलांसाठी’ हा शब्द बाजाराचा आहे, कुठल्याही मोजमापातून आलेला नाही. ज्याला ठोस, लेखी नोंद असलेला धोका आहे, नियमित सराव करायची तयारी आहे आणि घरात मजबूत कुलूप आहे, त्याने विचार करावा. ‘असलेलं बरं’ एवढंच कारण असेल, तर माझं उत्तर नाही.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ: ज्या विषयावर सिनॉप्सिस लिहिताय त्यातला एक पेपर घ्या. कागदावर दोन रकाने पाडा: ‘त्यांनी काय मोजलं’ आणि ‘त्यांनी काय सिद्ध झालं म्हटलं’. दोन रकान्यांत जेवढं अंतर दिसेल, तिथेच बहुतेक तुमचा संशोधनाचा प्रश्न दडलेला असेल.