मातीचा कित्ता

मेक्सिकोतील रंगवलेल्या मातीकामाविषयी जे काही लिहिले जाते, त्यात 'शतकानुशतके चालत आलेली कला' हे शब्द हटकून येतात. शब्द मोठे सोयीचे आहेत. एकदा ते लिहिले की समोरच्या बाहुलीकडे नीट पाहण्याचे काम उरत नाही. जे शतकानुशतके टिकले ते चांगलेच असणार, आणि ते कुणा एकाचे नसल्यामुळे त्याचे गुणदोष कुणाच्या पदरात घालायचे हाही प्रश्न मिटतो. 'कलावंत' आणि 'कारागीर' अशा दोन पंगती मांडून बसणाऱ्या समीक्षकांना ही सोय फार मानवते. मला ती मानवत नाही. का मानवत नाही, ते वाहाका प्रांतातील ओकोत्लान गावच्या एका घराच्या आधाराने सांगावयाचे आहे.

मी मेक्सिको पाहिलेला नाही. ही कामे मी छायाचित्रांतून, चित्रफितींतून आणि संग्रहांविषयीच्या पुस्तकांतून पाहिली. मातीच्या वस्तूविषयी तिला हात न लावता बोलणे यात उणेपण आहेच. वाचकांनी ते हिशेबात धरावे.

ओकोत्लान हे वाहाका शहराच्या दक्षिणेस सुमारे 30 किलोमीटरवरचे, शुक्रवारच्या बाजाराचे गाव. तेथील इसाउरा अल्कांतारा दिआस ही बाई आईवडिलांकडून मातीकाम शिकली. पण ती जे शिकली ते रोजच्या वापराच्या वस्तूंचे काम. माणसांच्या आकृती करण्याकडे ती वळली ती आपल्या बुद्धीने. 1960 च्या दशकाच्या अखेरीस, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ती वारली. तोवर तिच्या मुलींच्या हातांना वळण लागून गेले होते. गियेर्मिना, होसेफिना, इरेने आणि कोन्सेप्सिओन या चौघी पुढे 'आगिलार भगिनी' म्हणून जगाला ठाऊक झाल्या. एकाच रस्त्यावर, भिंतीला भिंत लागून त्यांची घरे आणि कामाची अंगणे. आता त्यांची मुले-नातवंडेही हेच करतात. म्हणजे माती जुनी, भट्टी जुनी. पण ज्या बाहुल्यांना आपण परंपरा म्हणतो त्यांचे वय एका आईपासून मोजावे लागते. मेतेपेकच्या प्रसिद्ध 'जीवनवृक्षा'चीही गोष्ट फारशी वेगळी नाही. आदम-इव्ह, साप, फुले, देवदूत यांनी लगडलेले ते मातीचे झाड मेणबत्त्यांच्या शमादानापासून निघाले, आणि आजचे त्याचे भरगच्च रूप विसाव्या शतकाच्या मध्यावरचे आहे. एवढ्याने त्यांची किंमत कमी होते असे नाही. उलट, कुणा अनाम लोकमानसाच्या खात्यावर टाकलेले श्रेय एका बाईच्या नावावर परत येते.

या बाहुल्या चाकावर होत नाहीत, साच्यातूनही निघत नाहीत. घागरा घंटेसारखा पोकळ. त्यावर धड, मग हात, डोके, डोक्यावर टोपली, टोपलीत फळे किंवा फुले असे सारे बोटांनी चढवत न्यायचे. वाळवून भाजायचे आणि भाजून झाल्यावर रंगवायचे. रंगाला आच लागत नाही, म्हणून तो झगझगीत राहतो. आणि म्हणूनच ही वस्तू पाण्यात घालता येत नाही, चुलीवर चढत नाही. कुंभाराच्या घरात जन्मलेल्या बाईने निरुपयोगी वस्तू करण्याचे ठरवावे, हे धाडस मला रंगांहून मोठे वाटते. विषय मात्र सगळे डोळ्यासमोरचे: बाजारकरणी, नवरानवरी, अंत्ययात्रा, मृतांच्या दिवसाचे सांगाडे आणि रात्रीच्या धंद्यातल्या सिगारेट ओढणाऱ्या बायासुद्धा. बाजारकरीण आणि वेश्या दोघींचा घागरा एकाच घाटाचा, आणि दोघी सारख्याच ऐटीत उभ्या. एखाद्या कादंबरीकाराला तेवढे साधायला तीनशे पाने लागतात, आणि तरीही मधे कुठेतरी तो उपदेश करतोच.

चौघी बहिणी तेच ते करतात, मग यात नवनिर्मिती कोणती, असे विचारले जाते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चाळीस मुले एकच कित्ता गिरवतात. पाटीवर नाव नसले तरी कुणाची पाटी कुणाची हे शिक्षकाला कळते; एकाचा 'ळ' पोटात फुगतो, एकाची वेलांटी मागे झुकते. इसाउराने कित्ता घालून दिला. होसेफिनाच्या ठेंगण्या, रुंद चेहऱ्याच्या, जाड भुवयांच्या बाया त्याच कित्त्यातल्या आहेत आणि तरी तिच्याच आहेत. विषय नवा हवा हा आग्रह आपण छापील साहित्यावरून उचलला आणि मातीला लावला.

पण नावाचा प्रश्न याहून बिकट आहे. 1921 साली, स्वातंत्र्यप्राप्तीच्या शताब्दीनिमित्त, मेक्सिको शहरात लोककलांचे मोठे प्रदर्शन भरले. ते भरवणाऱ्या मोन्तेनेग्रो, एन्सिसो आणि डॉ. आत्ल या चित्रकारांची नावे इतिहासात राहिली. कुंभारांची बहुतेक राहिली नाहीत. पुढे चित्र पालटले. नेल्सन रॉकफेलर यांच्यासारख्या धनिकाने होसेफिनाच्या बाहुल्या घेतल्या. 1996 साली इसुकार दे मातामोरोसच्या आल्फोन्सो कास्तियो ओर्ता यांना मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांनाही कला आईकडूनच, कातालिना ओर्ताकडून, आलेली. नावाला किंमत आली, हे न्याय्यच झाले. पण त्याबरोबर गिऱ्हाईक वस्तू उलटी करून आधी तळ पाहू लागले.

आणि गिऱ्हाइकाने मागितलेला मालही आला. ओकोत्लानच्या मातीत फ्रिडा काहलो अवतरली, तिच्या चित्रांतील पोझेस घेऊन, माकडपोपटांसकट. जगभर त्यांचे कौतुक होते. मला त्या या घराण्याच्या कामातील सर्वांत दुबळ्या वाटतात. बाजारकरणीच्या कमरेत टोपलीचा भार कळतो. फ्रिडाच्या बाहुलीत छापील चित्र तेवढे कळते. माती मागून येते आणि तोंडवळा जुळवत बसते. यातली गंमत अशी की फ्रिडा आणि दिएगो रिव्हेरा यांनी स्वतः खेड्यापाड्यांतले मातीकाम भरभरून जमवले होते आणि त्यावर आपली नजर घडवली होती. त्यांनी घेतलेले उसने असे चित्राच्या रूपाने परत आले. ज्यांचे होते त्यांना आता ते पाहून नक्कल करावी लागते, आणि पोटासाठी करावी लागते, म्हणून त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. कामाला मात्र देते.

2014 च्या सुमारास होसेफिनाची दृष्टी गेली. तिने हात थांबवले नाहीत. बोटांनी चाचपत ती घागरा चढवी, नाक चिमटीत धरून वर काढी. रंग घरची माणसे लावीत. मग संग्राहकांत कुजबुज सुरू होते: या बाहुल्या 'तिच्या' म्हणाव्यात काय? किमतीच्या दृष्टीने ती रास्त असेल. समीक्षेच्या दृष्टीने या बाहुल्यांचे दोन भाग वेगळे वाचावे लागतील. उभे राहण्याचा डौल, मानेचा कल, टोपलीचा भार हे तिचे. भुवया आणि बुबुळे दुसऱ्याची. ज्या बाईचे डोळे गेले तिच्या बाहुल्यांचे डोळे मुलांनी काढावेत, आणि तेही तिच्याच वळणाचे काढण्याचा प्रयत्न करावा, याला कुणी भेसळ म्हणत असेल तर त्याने इसाउराच्या अंगणात चार मुलींनी काय केले तेच नीट पाहिलेले नाही. संग्रहालयांकडे माझे मागणे एवढेच, की अशा बाहुलीखालच्या चिठ्ठीवर घडवणारीचे आणि रंगवणाऱ्याचे, अशी दोन्ही नावे लिहावीत. रंगवणाऱ्याचे आजवर बहुधा कुणी विचारलेलेच नाही.