इराणी क्रांतीचे आकलन : दोन ग्रंथांचा तौलनिक विचार

इराणमधील १९७९ च्या क्रांतीची मीमांसा करणाऱ्या दोन ग्रंथांचा परामर्श प्रस्तुत टिपणात घेतला आहे. एरवांद अब्राहमियन यांचा ‘इराण बिटविन टू रेव्होल्यूशन्स’ (१९८२) १९०५ मध्ये सुरू झालेल्या संविधानवादी क्रांतीचाही मागोवा घेतो. तुदेह पक्ष, कामगार, मध्यमवर्ग आणि बाजारातील व्यापारी यांच्या हितसंबंधांतून शहाविरुद्धचा असंतोष कसा साचत गेला, हे तो साधार दाखवितो. मात्र ज्या धर्मगुरूंच्या हाती सत्ता आली, त्यांचे वैचारिक विश्व तेथे बाहेरूनच दिसते.

रॉय मोत्ताहेदेह यांचा ‘द मँटल ऑफ द प्रॉफेट’ (१९८५) नेमका तेथे शिरतो. एका मुल्लाच्या जीवनकथेच्या आधारे तो कोम येथील मदरशांमधील तर्कशास्त्र व न्यायशास्त्राची अध्ययनपरंपरा उलगडतो. परंतु कामगारांचे जग त्यात दुय्यम ठरते.

केवळ पहिला ग्रंथ वाचल्यास श्रद्धा हे राजकारणाचे निव्वळ साधन वाटते. केवळ दुसरा वाचल्यास इराणी समाज मूलतः धर्मकेंद्री असल्याचा ग्रह होतो. हे दोन्ही निष्कर्ष एकांगी होत. म्हणूनच अभ्यासकाने हे ग्रंथ परस्परपूरक मानून वाचणे अगत्याचे आहे.