क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण आणि कार्यानुभव : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

'कार्यानुभव' हा शब्द आपल्या शिक्षणव्यवहाराला नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व स्तरांवर कार्यानुभवास स्थान असावे अशी शिफारस केली. त्याच्या कितीतरी आधी, १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींनी नयी तालीमचा विचार मांडला होता. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नामकरण केले. संज्ञा बदलत गेल्या. शाळेच्या वेळापत्रकात मात्र कार्यानुभवाचा तास म्हणजे खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले, आणि वर्षाअखेरीस पालकांनी दुकानातून विकत आणून दिलेली एखादी शोभेची वस्तू, एवढेच त्याचे रूप अनेक ठिकाणी उरले. विचार थोर होता. तो राबविताना कामाचा कामाशी असलेला संबंध तुटला.

हा इतिहास येथे स्मरण्याचे कारण असे की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत हाच विचार विद्यापीठीय स्तरावर पुन्हा आला आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणजेच प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण या घटकासाठी ४ श्रेयांक राखून ठेवण्यात आले. एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने हे १२० तास होतात. दिवसाला आठ तास धरल्यास अवघे पंधरा दिवस. क्रीडा व्यवस्थापन या विद्याशाखेच्या संदर्भात, आणि विशेषतः नाशिकसारख्या जिल्ह्यात, या पंधरा दिवसांतून नेमके काय साध्य होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विद्याशाखेचा जन्मच अनुभवातून

क्रीडा व्यवस्थापन ही विद्याशाखा ग्रंथालयात जन्मलेली नाही. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात १९६६ मध्ये या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यामागील मूळ प्रेरणा ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांची होती. संघ चालविण्यासाठी माणसे मिळत नाहीत, खेळ जाणणारे हिशेब जाणत नाहीत आणि हिशेब जाणणारे खेळ जाणत नाहीत, ही ती अडचण. म्हणजे मागणी मैदानाकडून आली आणि विद्यापीठाने ती नंतर स्वीकारली.

आपल्याकडे क्रम उलट झाला. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर खेळाभोवती पैसा दिसू लागला आणि अभ्यासक्रमांची संख्या वाढली. माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये मुंबईत केवळ या विषयासाठी संस्था स्थापन केली. पुण्यात सिंबायोसिसने क्रीडाविज्ञानाच्या विद्यालयात हा विषय आणला. २०२० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. ही सर्व केंद्रे मुंबई-पुणे पट्ट्यातील आहेत, हे लक्षात घ्यावे लागेल. नाशिकच्या विद्यार्थ्यापर्यंत हा विषय पोहोचतो तो प्रामुख्याने शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमातील 'संघटन व प्रशासन' यासारख्या एखाद्या प्रश्नपत्रिकेच्या रूपाने, किंवा वाणिज्य व व्यवस्थापन शाखेतील कार्यप्रशिक्षणासाठी त्याने स्वतःहून निवडलेल्या क्षेत्राच्या रूपाने.

व्यवस्थापन नव्हते असे मात्र नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी खाशाबा जाधव यांच्या प्रवासखर्चाची तजवीज करताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा उल्लेख आपण त्यागाचे उदाहरण म्हणून करतो. तो योग्यच आहे. परंतु एका प्राचार्यास घर गहाण ठेवावे लागते, याचा दुसरा अर्थ असा की निधी उभारण्याची अन्य कोणतीही यंत्रणा त्या वेळी खेळाडूच्या मागे उभी नव्हती. जेथे व्यवस्था नसते तेथे व्यक्तीच्या चांगुलपणावर सारा भार पडतो.

नाशिकचे वास्तव

नाशिक जिल्ह्याने गेल्या दोन दशकांत खेळाडू दिले ते याच चांगुलपणाच्या बळावर. हरसूलजवळच्या सावरपाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली येथे दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंची एक परंपराच उभी राहिली. संजीवनी जाधव ही त्याच परंपरेतील. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाले, तेथे नौकानयन शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची चणचण असते तेथील तरुण नौकानयनात ऑलिम्पिकपर्यंत जातो, याचे श्रेय त्याच्या जिद्दीला आहेच; पण सैन्यदलाच्या क्रीडाव्यवस्थेलाही आहे. जिल्ह्यातील व्यवस्थेचा त्यात वाटा किती, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

या खेळाडूंच्या मागेपुढे काम करणारी माणसे कोण असतात? बहुधा एखादा शारीरिक शिक्षण संचालक, एखादा क्रीडाशिक्षक, तालमीतले दोन वस्ताद आणि संघटनेचा एक सचिव. पत्रव्यवहार, नोंदणी, वयाचे दाखले, निवासव्यवस्था, प्रथमोपचार, बक्षिसे, वृत्तपत्रांना मजकूर ही सारी कामे तीच चार माणसे करतात. ती निवृत्त झाली की त्यांच्यासोबत त्यांची वहीही जाते. विद्यार्थ्याला कार्यानुभव घेण्यासाठी याहून सुपीक जागा कोणती असू शकेल? तरीही आमचे विद्यार्थी कार्यप्रशिक्षणासाठी शोध घेतात तो मुंबईतील एखाद्या विपणन कंपनीचा, किंवा शहरातील व्यायामशाळेच्या स्वागतकक्षाचा.

प्रस्तुत लेखकाने तपासलेल्या काही रोजनिशींतून या स्थितीचे स्वरूप स्पष्ट होते. 'आज कार्यालयात उपस्थित राहिलो. साहित्याची नोंद केली.' हे वाक्य एका रोजनिशीत नऊ दिवस आले होते. प्रमाणपत्रावर १२० तासांची नोंद होती, गोल शिक्का होता, 'वर्तणूक उत्तम' असा शेरा होता. नियमानुसार त्यात काहीच उणे नव्हते. मूल्यमापनाची चौकट तास मोजते; त्या तासांत विद्यार्थ्याने कोणता निर्णय घेतला हे ती विचारीत नाही. मेणबत्तीच्या तासाची आठवण येथे होते.

निर्णय म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. बाद पद्धतीच्या स्पर्धेत २७ संघ असतील तर सामने २६ आणि पुढे चाल पाच. वरच्या भागात १४ संघ व दोन पुढे चाल, खालच्या भागात १३ संघ व तीन. हे गणित पाठ्यपुस्तकात आहे आणि ते कोणताही विद्यार्थी परीक्षेत बिनचूक सोडवितो. परंतु सप्टेंबरमधल्या एखाद्या सकाळी सुरगाण्याचा संघ घाटातल्या पावसामुळे दोन तास उशिरा येतो, मैदानाचा एक कोपरा चिखलाने निकामी झालेला असतो, पंचांपैकी एकाची महाविद्यालयात परीक्षेची ड्यूटी निघते आणि प्रतिस्पर्धी संघाचे व्यवस्थापक 'नियमाप्रमाणे आम्हाला चाल द्या' म्हणून अडून बसतात. त्या क्षणी नियमपुस्तिका काय म्हणते, दूरवरून आलेल्या मुलींना न खेळता परत पाठविणे न्याय्य आहे काय, सामन्यांचा क्रम बदलल्यास सायंकाळच्या शेवटच्या एसटीची वेळ साधेल काय, हे सारे एकाच वेळी ठरवावे लागते. क्रीडा व्यवस्थापन हा विषय प्रत्यक्षात येथे सुरू होतो. या टेबलामागे विद्यार्थ्याला बसविले तर चार दिवसांत तो जे शिकेल ते स्वागतकक्षातील पंधरा दिवसांत शिकणार नाही.

अशा संधी जिल्ह्यात कमी नाहीत. विद्यापीठाच्या नाशिक विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दरवर्षी वेगवेगळ्या महाविद्यालयांकडे यजमानपदाने येतात. मराठा विद्या प्रसारक समाजाची मॅरेथॉन होते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा हा रणजी सामना झाला. जानेवारी २०२४ मध्ये सत्ताविसावा राष्ट्रीय युवा महोत्सव याच शहरात भरला. आणि गर्दीचे नियोजन या विषयात तर नाशिकने कोणाकडून शिकण्याऐवजी इतरांना शिकवावे अशी परिस्थिती आहे. २०१५ च्या सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे असलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' हा उपक्रम झाला. त्यात पायांखालच्या चटईने गर्दी मोजण्याचे साधन विद्यार्थिदशेतील मुलाने तयार केले. २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. गोदाघाट आणि क्रीडांगण यांत अंतर असले, तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मार्ग वेगळे ठेवणे हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. असो.

खर्चाचा प्रश्न

या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा पैशाचा आहे. क्रीडाक्षेत्रातील कार्यप्रशिक्षण बहुतांशी विनामोबदला असते. 'अनुभव हाच मोबदला' हे वाक्य ज्याच्या घरचा चरितार्थ त्याच्या कमाईवर अवलंबून नाही त्यालाच परवडते. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील विद्यार्थी पंधरा दिवस मुंबईत राहण्याचा खर्च कोठून करणार? द्राक्षाच्या हंगामात मजुरीस जाणाऱ्या मुलीने तो हंगाम सोडून विनावेतन काम करावे, अशी अपेक्षा अभ्यासक्रम नकळत करीत असतो. परिणामी खरा अनुभव शहरी, सुस्थित विद्यार्थ्यांच्या वाट्याला जातो आणि उरलेल्यांच्या हाती शिक्का येतो. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये सुमारे ७०,००० स्वयंसेवक विनामोबदला राबले, हे उदाहरण आपल्याकडे कौतुकाने दिले जाते. त्यांपैकी कितीजणांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची भ्रांत होती, हे विचारले पाहिजे.

शासकीय योजना येथे उपयोगी पडत नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये. दोन्ही योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आखलेल्या आहेत. पूर्णवेळ विद्यार्थी त्यांत बसत नाही. म्हणजे ज्या काळात अभ्यासक्रम अनुभवाची सक्ती करतो, नेमक्या त्याच काळात विद्यावेतनाचे दार बंद असते.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले तेव्हा 'कमवा आणि शिका' हे तत्त्व त्याच्या पायातच घातले. श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालताना श्रमाचे मोल बुडवायचे नाही, हा त्यातील विवेक होय. आज आपल्या विद्यापीठातही ही योजना आहे आणि अनेक महाविद्यालयांत तिचे विद्यार्थी बागकाम, ग्रंथालयातील मांडणी, कार्यालयीन मदत अशी कामे करतात. या कामांच्या यादीत क्रीडाविभाग अपवादानेच दिसतो. विभागीय स्पर्धांचे यजमानपद असलेल्या महाविद्यालयाने त्या काळातील संयोजनाची कामे या योजनेखाली आणली आणि तेच तास कार्यप्रशिक्षणासाठी ग्राह्य धरले, तर दोन्ही प्रश्न पुष्कळ अंशी सुटतील. यावर 'एकाच कामाचे दोन लाभ कसे द्यायचे?' असा आक्षेप घेतला जाईल. परंतु अभियांत्रिकीचा विद्यार्थी कारखान्यात विद्यावेतन घेतो आणि श्रेयांकही मिळवितो, तेव्हा हा आक्षेप कोणी घेत नाही.

मूल्यमापनासाठी रोजनिशीऐवजी कामाचेच कागद मागावेत, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याने तयार केलेली सामन्यांची कार्यक्रमपत्रिका आणि ती कोणत्या कारणाने बदलावी लागली त्याचे टिपण. एका तक्रारीवरील निर्णयाची नोंद. जमाखर्चाचा ताळेबंद आणि पावत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्याने क्रीडा संघटनांकडून पारदर्शक कारभाराची, खेळाडूंच्या प्रतिनिधित्वाची आणि तंटानिवारणाची अपेक्षा ठेवली आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत होणार आहेत. या व्यवस्थांत काम करण्यासाठी जी माणसे लागतील त्यांना पावती कशी फाडावी आणि इतिवृत्त कसे लिहावे येथपासून शिकवावे लागेल.

सध्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा हिशेब यजमान महाविद्यालय सादर करते. त्यावर शारीरिक शिक्षण संचालकांची आणि प्राचार्यांची सही असते. येत्या वर्षी एखाद्या यजमान महाविद्यालयाने तो हिशेब दोन विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा, त्यांना त्या दिवसांचे पैसे द्यावेत आणि त्यांच्या तयारकर्ता म्हणून सह्या घ्याव्यात. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही.