‘पूर्ववत’ म्हणजे कोणासारखे?

आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात ‘पूर्ववत’ हा शब्द वारंवार भेटतो. माणूस पूर्ववत व्हावा, गाव पूर्ववत व्हावे, हे या लेखनाचे उद्दिष्ट. माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. जवळजवळ ८ हजार माणसे मेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. मनोविकारतज्ज्ञ या भागात गेले, अभ्यास झाले. हे काम मोलाचे होते, ते मी नाकारत नाही. झोप उडणे, रात्री दचकून उठणे, आपण वाचलो याचीच लाज वाटणे, हा वेडेपणा नव्हे, दुखणे आहे, हे खेड्यातल्या माणसाला कोणीतरी सांगणे आवश्यकच होते.

पण त्याच पुनर्वसनात घरे कशी वाटली गेली ते पाहा. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. भूकंपाने एका पहाटे जे सपाट केले, ते शासनाने फुटाफुटाने मोजून पुन्हा उभे केले. मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे या वाचकांना सांगायला नको. एकीकडे डॉक्टर सांगतो, तुझे दुःख चारचौघांसारखेच आहे; दुसरीकडे घराच्या भिंती सांगतात, तू चारचौघांतला नाहीस. मनाने कोणाचे ऐकावे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. त्या खेड्याच्या वेशीबाहेर ज्याची हयात गेली, त्याला ‘पूर्ववत’ करणे म्हणजे पुन्हा वेशीबाहेर नेऊन सोडणे. आपत्ती ही सुखी आयुष्यात अचानक आलेली घटना असते, हे गृहीतकच प्रस्थापितांच्या अनुभवातून आलेले आहे. ज्याला रोजचा अपमान सोसावा लागतो, त्याच्या आघाताला एकच तारीख नसते.

आता थोडे आपल्याही चळवळीविषयी. ‘मनाचे आजार ही पांढरपेशांची चैन, आधी जमीन, आधी भाकरी’ हा युक्तिवाद मी अनेक बैठकांत ऐकला आहे. तो मला मान्य नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. दलित आत्मकथनांनी भुकेइतकेच मनाचे सोलणे मांडले. मग कार्यकर्त्याने मनाकडे पाठ का फिरवावी? नैराश्याने खचलेला मजूर हक्काच्या जमिनीसाठी तहसिलीची पायरी चढू शकत नाही. सगळे दुःख व्यवस्थेच्या खात्यावर टाकून त्याला औषधापासून दूर ठेवणे हीही एक क्रूरताच आहे.

कागदावर विस्तार पुष्कळ झाला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क मानला. २०२२ पासून टेलिमानसचा दूरध्वनीही आहे. या साऱ्याला माझा एकच प्रश्न आहे : ऐकणारा कोण, आणि तो बसतो कोठे? सल्ला देणारा गावातल्या वाड्याच्या ओसरीवर बसणार असेल, तर वस्तीतली विधवा तिथे तोंड उघडणार नाही. ऐकण्याचे शिक्षण वस्तीतल्याच बायापुरुषांना द्यावे लागेल, आणि त्या कामाचा पगारही. गंभीर आजार ओळखून रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवण्याची वाट त्यांच्या हाती असावी. त्यांच्याच वहीत झोपेच्या तक्रारीशेजारी घराची, सातबाऱ्याची आणि नुकसानभरपाईची तक्रारही नोंदली जावी. कारण ती ज्या माणसाची आहे त्याच्या मनात या गोष्टी वेगळ्या नसतात.

भूकंपग्रस्त, पूरग्रस्त, दरडग्रस्त असे शब्द आपण सहज वापरतो. त्यांत जातिग्रस्त हा शब्द मिळवल्याशिवाय मनाचा कोणताही कार्यक्रम खेड्यात पुरा पडणार नाही. बरे होणे याचा आमचा अर्थ, पूर्वी जे कधी मिळाले नाही ते माणूसपण मिळणे, असा आहे.