खोली होती, वेळ नव्हता

2020 च्या टाळेबंदीत एक गोष्ट फोनाफोनी फिरत होती. 1665 मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन वूल्सथॉर्पला घरी गेला आणि तिथं त्याने कलनशास्त्र, प्रकाश, गुरुत्वाकर्षण यांवर मूलभूत विचार केला. मग तुम्हीही घरबसल्या काहीतरी मोठं करा! गोष्ट खरीच आहे. पण तो होता बाविशी-तेविशीतला, बिनलग्नाचा, आईच्या घरी राहणारा. त्याचं जेवणखाण कोण बघत होतं, ते या गोष्टीत येत नाही.

व्हर्जिनिया वुल्फने 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये (1929) नेमकं हेच बाईच्या बाजूने तपासलं. लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लागणारी खोली हवी, असा तिचा हिशेब. आपण तो सुभाषितासारखा वापरतो. महासाथीनंतर मात्र तो मला अपुरा वाटतो. प्राध्यापक बाईला पगार होता, कित्येकींना खोलीही होती. पण शाळा, पाळणाघर, कामवाली, सगळंच एकदम थांबलं आणि दारावर थाप पडायची ती तिच्याच. जेन ऑस्टिन बैठकीच्या खोलीत, माणसांच्या वर्दळीत लिहायची, हे वुल्फच सांगते. म्हणजे कामात पडणारा खंड तिला दिसला होता. तरी भर दिला तो भिंतींवर.

खंड मोजताही येतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. आणि हे टाळेबंदीच्या आधीचं. पुढे एल्सेव्हियरच्या दोन हजारांहून जास्त नियतकालिकांचा अभ्यास झाला. 2020 च्या पहिल्या लाटेत एकूण लेख वाढले, पण बायकांचे पुरुषांच्या मानाने कमी वाढले, आणि तरुण संशोधक बायकांना फटका जास्त बसला.

यावर उत्तर म्हणून 'समतोल साधा' असं सांगितलं जातं. हा शब्दच फसवा आहे. दोन्ही पारड्यांत वजन टाकणारे दुसरे, आणि काटा हलला की दोष तिचा.

मग सगळ्यांनाच सारखी मुदतवाढ द्यावी का? अमेरिकेतल्या अर्थशास्त्र विभागांत मूल झाल्यावर आई-बाप दोघांनाही नोकरीत कायम होण्यासाठी जादा वर्ष मिळत असे. 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की त्याने पुरुष कायम होण्याचं प्रमाण वाढलं, बायकांचं घटलं. पुरुषांनी त्या वर्षात लेख लिहिले!

म्हणून निव्वळ सवलत पुरत नाही. पदोन्नतीच्या अर्जात 2020-21 समोर शोधनिबंधांची जागा रिकामी दिसली, तर समितीने गुण कापण्याआधी विचारावं, की बाई, त्या वर्षी तुमच्या घरात कितीजण होते आणि चूल कोण सांभाळत होतं? आणि हाच प्रश्न भरलेल्या रकान्याच्या पुरुषालाही विचारावा.