‘सगळ्याला पाच टाक’ : वेलनेस पर्यटनाच्या प्रश्नावलीतून काय निसटतं?

पर्यटनावर संशोधन करायचं ठरवलं की एक विषय हमखास समोर येतो: लोक स्पा आणि वेलनेस पर्यटन का निवडतात? विषय छान आहे. पण त्याची नेहमीची पद्धत मला आता पटत नाही. का, ते सांगतो. तुमच्यापैकी काहीजण हाच विषय घेणार असाल, म्हणून आधीच.

पद्धत अशी. पर्यटनाची कारणं दोन गटांत मांडायची: घरातून ढकलणारी (पुश) आणि ठिकाणाकडे ओढणारी (पुल). डॅन यांनी 1977 मध्ये ही मांडणी रुळवली. क्रॉम्प्टन यांनी 1979 मध्ये नऊ प्रेरणा सांगितल्या. रोजच्या रगाड्यातून सुटका, विश्रांती, स्वतःचा शोध, प्रतिष्ठा, नात्यांची जवळीक वगैरे. आपण त्यांची वाक्यं करतो, ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ असे एक ते पाच गुण ठेवतो, फॅक्टर अ‍ॅनालिसिस चालवतो. निष्कर्ष येतो: विश्रांती आणि सुटका या प्रमुख प्रेरणा.

मीही अशी प्रश्नावली मराठीत केली आणि पायलट म्हणून पेठ वडगावात घरापासूनच सुरुवात केली. आत्या नुकतीच राजापूरजवळच्या उन्हाळ्याला गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन आली होती. गुडघे दुखतात तिचे. पहिलं वाक्य वाचलं: ‘दैनंदिन जीवनातून सुटका मिळावी म्हणून मी प्रवास करते.’ ती म्हणाली, “सुटका कसली रं? चार दिवसांचं पीठ दळून ठेवून गेल्ते मी.” तिसऱ्या वाक्याला कंटाळून म्हणाली, “सगळ्याला पाच टाक, तुझं काम होऊ दे.”

हसू आलं, पण संख्याशास्त्रात एमएस्सी केलेल्या माणसाला घाम फुटावा असं हे उत्तर आहे. कुणी सगळ्याला पाच, कुणी सगळ्याला तीन देत गेलं, तर क्रॉनबॅक अल्फा उत्तम येतो! 0.7 च्या वर गेला की आपण प्रश्नावली ‘विश्वासार्ह’ म्हणून पुढे जातो. अल्फा उत्तरांची एकमेकांशी सुसंगती सांगतो, खरेपणा नाही. आणि फॅक्टर अ‍ॅनालिसिस तुम्ही घातलेल्याच वाक्यांचे गट पाडतं. न विचारलेलं कारण त्यातून कधीच बाहेर येणार नाही.

आत्याचं कारण कोणत्या रकान्यात बसतं? गुडघे हे एक कारण. राजापूरची गंगा आलेली होती, तिथल्या चौदा कुंडांत स्नान करायचं होतं, हे दुसरं. शेजारणींनी गाडी ठरवली आणि अणुस्कुरा घाटातून जायचं पक्कं झालं, हे तिसरं, आणि कदाचित सगळ्यात मोठं. म्युलर आणि लान्झ कौफमान यांनी 2001 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलांच्या अभ्यासातून ‘वेलनेस’साठी येणारे निरोगी पाहुणे आणि उपचारासाठी येणारे वेगळे काढले. तिथे ते शोभतं. उन्हाळ्याच्या झऱ्यावर रुग्ण, भाविक आणि सहलीला आलेली एकच बाई असते.

विश्रांतीचंही तसंच. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं असतं. पहाटे चारला उठायचं, बोलायचं नाही. शुल्क नाही, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर. तिथे लोक ‘आरामासाठी’ जातात असं लिहिणं धाडसाचं होईल.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. आपण नमुना घेतो तो ठिकाणी पोचलेल्यांचा. न पोचलेला माणूस आपल्या तक्त्यात नसतोच. मग ‘का निवडतात’ याचं उत्तर कसं मिळणार? गांधीजींनी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्याबरोबर निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, आणि गरीब खेडूत शहरातल्या दवाखान्यात येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून मार्च 1946 मध्ये ते उरुळीकांचनला गेले. पुढे तो आश्रम मणिभाई देसाईंनी सांभाळला. खेडूताला बरं व्हायचं नव्हतं असं थोडंच होतं? प्रेरणा होती, वाट नव्हती. आपली प्रश्नावली प्रेरणा मोजते. वाट, पैसा, घरची परवानगी, मागे राहिलेलं काम हे तिच्यात नसतं, आणि मग नाही जाऊ शकले ते ‘प्रेरणा कमी’ असलेले ठरतात. हा नुसता तांत्रिक दोष नाही. अशा निष्कर्षांवर उद्या कुणी योजना आखली, तर ती पोचलेल्यांसाठीच होईल.

पुश-पुल टाकून द्या असं मी म्हणत नाही. विचार मांडायला ती चौकट उपयोगी आहे. फक्त एक आठवण ठेवा: क्रॉम्प्टन यांनी आधी लोकांशी मोकळेपणी बोलून ती यादी मिळवली होती. आपण यादी घेतली, बोलणं सोडून दिलं.

म्हणून प्रश्नावली छापण्याआधी दहा-पंधरा जणांशी नुसत्या गप्पा मारा. ‘का गेलात?’ पेक्षा ‘कसं ठरलं, कुणी ठरवलं, पैसे कुणी घातले?’ असं विचारा. जाऊन आलेल्यांच्याच गल्लीतले न गेलेलेही शोधा. आणि प्रत्येक वाक्य वाचून दाखवून ‘याचा अर्थ काय समजलात?’ हे विचाराच.

मी आत्याकडे परत गेलो, या वेळी कागद न घेता. ती तासभर बोलली. त्यात घाट होता, पाण्याचा वास होता, आणि शेजारची एक बाई होती, जिला यायचं होतं पण सुनेचं बाळंतपण आडवं आलं. माझ्या प्रश्नावलीत त्या बाईसाठी एकही वाक्य नव्हतं. आता आहे.